वाचकांचे प्रश्न : मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांची जोडी जुळवताना

घरच्या घरी संगणक जुळवू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच या अंकात घेतली असून, पुन्हापुन्हा येणारे मुद्दे एकाच उत्तरात आणण्याचा प्रयत्न केला आहे. सुट्या भागांचे भाव अंक छापून हाती पडेपर्यंत बदलतात, त्यामुळे उत्तरांत किमती दिलेल्या नाहीत.

प्रश्न : मुलीने यंदा अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे. एक दुकानदार "आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, बोर्ड कोरा करकरीत" असा असेंबल्ड संगणक फारच कमी किमतीत देऊ करतो. दुसऱ्या दुकानात त्याहून अधिक किमतीला आय थ्री दाखवला. कमी पैशांत आय सेव्हन मिळत असताना आय थ्री कोण घेईल? (एक वाचक, सांगली)

दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : आय सेव्हन कोणता? "आय सेव्हन" हे एका प्रोसेसरचे नाव नसून इंटेल कंपनीच्या, सन २००८ पासून चालत आलेल्या मालिकेचे नाव आहे, आणि अशा स्वस्त जोडणीत बहुधा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीतला, म्हणजे २६००, ३७७० किंवा ४७७० या क्रमांकाचा प्रोसेसर असतो. हे प्रोसेसर अनुक्रमे २०११, २०१२ आणि २०१३ मधले. कार्यालयांतून मोडीत निघालेल्या संगणकांमधून ते काढलेले असतात आणि बहुतेक वेळा चालू स्थितीतही असतात, कारण प्रोसेसर सहसा लवकर बिघडत नाही. बोर्ड मात्र खरोखरच नवा असू शकतो. एच ६१ किंवा एच ८१ हे त्या काळातले चिपसेट (बोर्डाचा कारभार सांभाळणारी चिप) घेऊन फारशा परिचित नसलेल्या नावांनी आजही बोर्ड तयार होतात. त्यामुळे "बोर्ड नवा" हे वाक्य अक्षरशः खरे असूनही त्यातून ग्राहकाची जी समजूत होते ती चुकीची असते. त्या बोर्डावर रॅम डीडीआर ३ जातीची लागते, आणि ती पुढे कोणत्याही नव्या संगणकात वापरता येत नाही.

आता आय थ्रीकडे पाहू. तो १२ व्या पिढीतला १२१०० असेल तर त्यात चार कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) आहेत. आय सेव्हन ३७७० मध्येही तेवढेच आहेत. कागदावर गीगाहर्ट्झचे आकडेही फार लांब नाहीत : जुन्याचा कमाल वेग ३.९, नव्याचा ४.३. परंतु प्रत्येक ठोक्याला होणारे काम या दहा वर्षांत इतके वाढले आहे की एकेका कोअरच्या कामात नवा आय थ्री जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. तुमच्या मुलीला ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांसारखी सॉफ्टवेअर वापरावी लागतील. त्यांतील आरेखनाचा बराच भाग एकाच कोअरच्या वेगावर अवलंबून असतो, म्हणून हा फरक तिला रोज जाणवेल.

दुसरी अडचण विंडोजची आहे. विंडोज १० चा नियमित सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा एएमडी या स्पर्धक कंपनीची रायझन २००० मालिका ही खालची मर्यादा ठरवली आहे, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आवश्यक मानली आहे. दुकानदार आडवाटेने विंडोज ११ चढवून देईलही, परंतु पुढच्या मोठ्या अपडेटच्या वेळी ती चालेल याची हमी तो देऊ शकणार नाही. पत्रव्यवहार, टॅली किंवा लिनक्स शिकण्यापुरता संगणक हवा असता तर जुन्या आय सेव्हनबद्दल मी इतके ताणून बोललो नसतो.

दुकानात संगणक चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि "परफॉर्मन्स"मध्ये सीपीयूवर टिचकी द्या. उजव्या बाजूला वर प्रोसेसरचे पूर्ण नाव दिसते. इंटेलच्या पाच आकडी क्रमांकातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात, चार आकडी असेल तर पहिला एक. बिलावर "आय सेव्हन पीसी" असे न लिहिता प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांची पूर्ण नावे लिहून घ्या. जो दुकानदार हे लिहायला कां-कूं करील त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल तर इंटेलच्या क्रमांकाशेवटी "एफ" नसावा. १२४०० आणि १२४००एफ यांत गणनेचा वेग सारखाच असतो, पण "एफ"मध्ये चित्र दाखवणारा भाग बंद असतो. कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहील. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत नेमके उलटे आहे : तिथे ५६००जी सारखे "जी" अक्षर असेल तरच अंगभूत ग्राफिक्स मिळते.

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि संकलन करतो. फोर-के चित्रफिती असतात. जुन्या संगणकातील ३२ जीबी डीडीआर ४ रॅम उत्तम स्थितीत आहे. रायझन ७००० किंवा ९००० घ्यावा, की इंटेल? पुढे प्रोसेसर बदलता यावा अशी इच्छा आहे. (एक वाचक, ठाणे)

तुमच्या पत्रातल्या दोन इच्छा एकमेकींशी भांडतात : हातातली रॅम वापरायची आहे आणि पुढची वाटही मोकळी ठेवायची आहे. प्रोसेसर आणि बोर्ड हे दोन निर्णय वाटतात, पण सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) आणि रॅमची जात यांनी ते एकत्र बांधलेले असतात. त्यामुळे एक ठरवला की दुसऱ्यात निवडीला फार वाव उरत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम ५ सॉकेटवर फक्त डीडीआर ५ चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचेही तसेच. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असल्याने एक दुसऱ्याच्या फटीत बसतच नाही. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीचा एलजीए १७०० हा सॉकेट मात्र दोन्ही जातींच्या बोर्डांवर मिळतो. एकाच बोर्डाच्या दोन आवृत्त्या असतात आणि डीडीआर ४ च्या आवृत्तीच्या नावात बहुधा "डी४" किंवा "डीडीआर४" असे जोडलेले असते. ऑनलाइन मागवताना नेमक्या याच दोन अक्षरांकडे दुर्लक्ष होते. सन २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा हातातली ३२ जीबी रॅम ही आज बारीकसारीक बचत राहिलेली नाही.

तुमच्या व्यवसायाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. अलीकडचे अनेक कॅमेरे फोर-के चित्रण एच.२६५ या आकार कमी करणाऱ्या पद्धतीने, ४:२:२ (रंगांची माहिती अधिक ठेवणाऱ्या) आणि १० बिट अशा स्वरूपात साठवतात. ही चित्रफीत टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या पट्टीवर, सरकवताना प्रत्येक चौकट उलगडावी लागते. हे काम एखाद्या समर्पित भागाने केले तर पट्टी सुरळीत चालते, नाहीतर प्रोसेसर धापा टाकतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक या भागाला एच.२६५ ची ४:२:२ चित्रफीत उलगडता येते. रायझन ७००० आणि ९००० यांच्या अंगभूत ग्राफिक्सला ती येत नाही, आणि एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांनाही २०२५ मधील आरटीएक्स ५० मालिकेपासूनच येऊ लागली. तुमचा कॅमेरा रंगांची माहिती कमी ठेवणाऱ्या ४:२:० मध्ये साठवत असेल तर हा मुद्दा गळून पडतो, म्हणून आधी कॅमेऱ्याच्या मेनूत नेमके काय निवडलेले आहे ते पाहा.

तो ४:२:२ असेल तर माझा कौल स्पष्ट आहे : आय फाइव्ह १३५०० किंवा १४५००, "एफ" नसलेला, आणि बी ७६० चिपसेटचा डीडीआर ४ बोर्ड. या दोन्हींत १४ कोअर आहेत, सहा दमदार आणि आठ काटकसरी. संकलन संपवून अंतिम फाइल तयार करताना हे सगळे कामाला लागतात.

यात पुढची वाट बंद होते, हे खरे. सर्वसाधारण घरगुती बाजारात एलजीए १७०० ची १४ वी पिढी ही शेवटची. त्यावर पुढे आय सेव्हन किंवा आय नाइन बसेल, पण नवी पिढी नाही. एएमडीने एएम ५ ला किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देण्याचे जाहीर केले आहे आणि तिचा आधीचा इतिहास पाहता त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तरीही माझे मत असे की "पुढे बदलता येईल" या आश्वासनापोटी आज जास्त पैसे मोजणारे बहुसंख्य लोक प्रत्यक्षात प्रोसेसर कधीच बदलत नाहीत. बदलायची वेळ येते तेव्हा रॅम, एसएसडी आणि जोडण्याही जुन्या झालेल्या असतात आणि सगळेच नवे घ्यावेसे वाटते. रॅम नव्याने विकत घ्यायचीच असती तर मी एएम ५ कडे झुकलो असतो.

प्रश्न : माझ्याकडे बी ४५० बोर्ड, रायझन फाइव्ह २६०० आणि १६ जीबी रॅम आहे. सर्व बदलावे का? (एक वाचक, पणजी)

नाही. बदलायची वेळ आली की सगळेच नवे घ्यावेसे वाटते, या वर म्हटलेल्या नियमाला तुम्ही अपवाद आहात. एएम ४ सॉकेटवर २०१७ चा पहिला रायझन आणि २०२२ चा ५८००एक्स३डी हे दोन्ही बसतात. त्यामुळे बोर्ड, रॅम आणि विंडोज आहे तिथेच ठेवून रायझन फाइव्ह ५६०० किंवा रायझन सेव्हन ५७००एक्स बसवला की काम होते. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि मगच नवा बसवा; हा क्रम उलटा झाला तर बोर्ड नव्याला ओळखणार नाही. या दोन्हींत अंगभूत ग्राफिक्स नाही, पण २६०० मध्येही नव्हते, म्हणजे तुमच्याकडे कार्ड असणारच.

प्रोसेसरवरचा कूलर काढताना घाई करू नका. एएम ४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि दोहोंच्या मधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळली की ती प्रोसेसरला कूलरसकट उपटून वर आणते. संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, वीज काढून, कूलर आधी डावी-उजवीकडे हलके फिरवा आणि सुटल्यावरच वर उचला.

प्रश्न : एकाच बी ७६० चिपसेटचे तीन बोर्ड तीन किमतींना मिळतात. विक्रेता म्हणतो की महाग बोर्डावर संगणक वेगाने चालतो. हे खरे आहे का? मला आय सेव्हन १४७००के घ्यायचा आहे. (एक वाचक, अकोला)

बोर्ड स्वतः वेग देत नाही, पण तो प्रोसेसरचा वेग अडवू शकतो. तुमच्या बाबतीत अडवण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

वीजपुरवठ्यातून बोर्डाकडे १२ व्होल्टचा प्रवाह येतो आणि प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्टच्या आसपासचा लागतो. हे रूपांतर सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या अंगाला असलेले घटक करतात. त्यांना मिळून व्हीआरएम म्हणतात. आय फाइव्ह १२४०० पूर्ण भारात ११७ वॉटपर्यंत जातो; तुम्ही निवडलेल्या १४७००के ची मर्यादा २५३ वॉट आहे. व्होल्ट कमी आणि वॉट जास्त म्हणजे प्रवाह मोठा, आणि मोठ्या प्रवाहाबरोबर उष्णता येते. स्वस्त बोर्डावर हे घटक उघडेच असतात किंवा त्यांवर ॲल्युमिनियमची जेमतेम पट्टी असते. ते तापले की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वीजपुरवठा आखडता घेतो, आणि आय सेव्हनचे पैसे मोजून तुम्ही आय फाइव्हचा वेग वापरता. परीक्षणांतली मोजमापे सहसा २०-२५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत घेतलेली असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि कूलर लावलेल्या खोलीतही हवा तितकी थंड नसते, तेव्हा त्या मोजमापांतून वीसेक अंशांचा दिलासा वजा करूनच विचार करा.

म्हणून तीनपैकी सर्वांत स्वस्त बोर्ड तुमच्यासाठी नाही. दोन्ही अंगांना जाड, खाचा पाडलेले हीटसिंक (उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे) आणि प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनांचे किमान एक पूर्ण सॉकेट असलेला बोर्ड निवडा. सर्वांत महागातही फार तथ्य नसते. तिथे बहुतेक पैसे दिव्यांना आणि झाकणांना जातात.

पण मूळ निवडीबद्दलच शंका आहे. "के" म्हणजे ज्याचा वेग वापरकर्त्याला वाढवता येतो असा प्रोसेसर, आणि इंटेलमध्ये ती मुभा फक्त झेड मालिकेच्या चिपसेटवर, उदाहरणार्थ झेड ७९० वर मिळते. बी ७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. वेग वाढवण्याची हौस नसेल तर साधा १४७०० घ्या : कोअर तितकेच, उष्णता आटोक्यात, आणि मधल्या किमतीचा बी ७६० बोर्ड त्याला पुरतो. एएमडीमध्ये हा भेद सौम्य आहे; तिथे बी ६५० वरही वेग वाढवता येतो, फक्त ए ६२० वर नाही.

बोर्डाच्या किमतीत जे फरक खरोखर उपयोगाचे असतात ते खोक्याच्या मागच्या बाजूला मिळतात : एसएसडीसाठीच्या एम.२ फटी किती, रॅमच्या फटी दोन की चार, मागे यूएसबी किती, वाय-फाय आहे का. एक गोष्ट मात्र खोक्यावर नसते, ती मॅन्युअलमध्ये पाहावी लागते. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ फटीत एसएसडी बसवली की हार्ड डिस्क लावण्याच्या एखाद-दोन साटा जोडण्या आपोआप बंद पडतात, आणि जुनी हार्ड डिस्क अचानक का दिसेनाशी झाली याचा शोध माणूस दिवसभर घेत बसतो.

प्रश्न : रायझन फाइव्ह ९६००एक्स ऑनलाइन मागवला आणि बी ६५० बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणला. सर्व जोडले. पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. दुकानदार बोर्ड परत घेत नाही. बोर्ड खराब निघाला का? (एक वाचक, बेळगाव)

बहुधा नाही. प्रथम संगणक चालू करून पंधरा मिनिटे अजिबात हात लावू नका. डीडीआर ५ रॅम प्रथमच जोडली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेण्यासाठी चाचण्या करतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि एएम ५ वर त्यात काही मिनिटे सहज जातात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. अनेक जण दोन मिनिटांत वीज बंद करतात, आणि मग ती प्रक्रिया प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होते.

तरीही चित्र आले नाही तर बोर्डाच्या कडेला असलेले चार बारीक दिवे पाहा. त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे छापलेले असते. डीरॅमचा दिवा अडकून राहिला असेल तर रॅमच्या पट्ट्या काढून फक्त एक पट्टी सॉकेटपासून मोजून दुसऱ्या फटीत घट्ट बसवा. दोन पट्ट्यांसाठी चार फटींच्या बोर्डावर दुसरी आणि चौथी फट असते, शेजारशेजारच्या नव्हेत. सीपीयूचा दिवा असेल तर आधी आठ पिनांची विजेची केबल वर डाव्या कोपऱ्यात लावली आहे का ते बघा, कारण ती राहून गेली तरी पंखे फिरतात.

केबल लावलेली असेल आणि सीपीयूचाच दिवा असेल, तर कारण जवळजवळ निश्चित आहे. बी ६५० बोर्ड २०२२ पासून बाजारात आहेत. रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली. त्याआधी कारखान्यातून निघालेल्या आणि दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचा बायॉस तुमच्या प्रोसेसरला ओळखत नाही. खोक्यावर "रायझन ९००० रेडी" अशी चिकटपट्टी नसेल तर ही शक्यता आणखी वाढते.

मागच्या बाजूला एखाद्या यूएसबीभोवती चौकट आखून "बायॉस" किंवा "फ्लॅश" असे लिहिले असेल आणि जवळ छोटे बटण असेल, तर प्रोसेसर न ओळखताही बायॉस बदलता येतो. दुसऱ्या संगणकावर कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या तुमच्या बोर्डाचा ताजा बायॉस उतरवा. नावातले एक अक्षर किंवा आवृत्तीचा एक आकडा वेगळा असला तरी ती फाइल तुमची नव्हे. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा, मॅन्युअलमध्ये दिलेले नाव फाइलला द्या, पेन ड्राइव्ह त्या खास यूएसबीत लावा. वीजपुरवठा चालू पण संगणक बंद असताना ते बटण दिवा लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरा. दिवा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून हे काम यूपीएसवरच करा. बटण नसेल तर दुकानदाराला बोर्ड परत घेण्याची नव्हे, तर रायझन ७००० चा एखादा प्रोसेसर क्षणभर लावून बायॉस अद्ययावत करून देण्याची विनंती करा. ही मागणी सहसा कुणी नाकारत नाही.

बोर्ड घेऊन जाण्यापूर्वी सॉकेटवरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण पुन्हा लावा. एएम ५ मध्ये पिना बोर्डावर असतात. प्रवासात त्यांतली एक जरी वाकली तरी वॉरंटी नाकारली जाते, आणि सेवाकेंद्रे झाकणाशिवाय आलेला बोर्ड बऱ्याचदा स्वीकारतही नाहीत.